बायनरी फाइलमधल्या नोंदी विस्कटलेल्या दिसत असतील तर कारण कसे शोधावे

हवामान केंद्राच्या डेटा लॉगरमधून, म्हणजे मापने साठवणाऱ्या उपकरणातून, एसडी कार्ड काढायचे, त्यावरची बायनरी फाइल संगणकावर उतरवायची, पायथॉनचा एक छोटा प्रोग्राम चालवायचा आणि समोर आलेल्या तक्त्यात १९७० सालची तारीख व ९९८.५ अंश तापमान पाहून डोक्याला हात लावायचा, हा प्रसंग मी अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे. त्यांत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी असतात, बागेत स्वतः केंद्र बसवणारे शेतकरी असतात आणि संशोधनासाठी जुन्या फायली उकरून काढणारे प्राध्यापकही असतात. ‘कार्ड खराब झाले’ हा बहुतेकांचा पहिला निष्कर्ष असतो. माझ्या अनुभवात तो क्वचितच खरा निघतो. माहिती जागच्या जागी असते आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला तिची मांडणी चुकीची सांगितलेली असते.

बायनरी फाइलमध्ये फक्त एकामागून एक बाइट असतात. कोणता बाइट तारखेचा आणि कोणता पावसाचा, हे त्या फाइलमध्ये कुठेही लिहिलेले नसते. लिहिणारा आणि वाचणारा प्रोग्राम यांच्यात त्याविषयी एक करार असतो आणि तो तंतोतंत पाळला गेला नाही तर विस्कळीतपणा येतो. पुढचे सगळे समजावे म्हणून एकच नोंद डोळ्यांसमोर ठेवू. तिच्यात क्रमाने सहा फील्ड आहेत: केंद्र क्रमांक १ बाइट, वेळ ४ बाइट, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, तापमान २ बाइट, अंशाच्या दशांशात, पाऊस ४ बाइटांचा दशांश अपूर्णांक, मिलिमीटरमध्ये, बॅटरीचे मिलिव्होल्ट २ बाइट, आणि स्थिती १ बाइट. एकूण १४ बाइट झाले. दर दहा मिनिटांनी एक नोंद धरली तर दिवसाला १४४ नोंदी, म्हणजे २,०१६ बाइट होतात.

आधी लक्षणे नीट पाहा

‘सगळे चुकीचे येते’ एवढ्या वर्णनावरून काहीच शोधता येत नाही. काय चुकते आणि काय बरोबर येते, दोन्ही लिहून काढा, कारण बरोबर आलेले फील्डच कारणाकडे बोट दाखवते.

पहिल्या नोंदीचा केंद्र क्रमांक बरोबर, पण वेळेपासून पुढे सगळे निरर्थक आणि दुसऱ्या नोंदीपासून केंद्र क्रमांकही बदलतो, असे दिसल्यास फील्डांच्या लांबीत किंवा मधल्या रिकाम्या जागेत घोळ आहे. पहिली नोंद पूर्णपणे बरोबर आणि दुसरीपासून घसरण, असे दिसल्यास नोंदीची एकूण लांबी चुकली आहे. एका बाइटाची फील्डे, म्हणजे केंद्र क्रमांक आणि स्थिती, प्रत्येक नोंदीत बरोबर येतात पण बाकीची सगळी चुकतात, तेव्हा बाइटांचा क्रम उलटा आहे. शेकडो नोंदी ठीक आणि मग एका जागेपासून सगळे सरकलेले असेल, तर तिथे एखादा बाइट वाढला किंवा गळाला आहे. फक्त शून्याखालची मूल्ये बिघडत असतील, तर चिन्हाचा प्रश्न आहे. नोंदी अपेक्षेपेक्षा कमी आल्या असतील, तर फाइल उघडण्याची पद्धत आधी तपासावी.

पहिली तपासणी: प्रत आणि तिची लांबी

याला पैसे लागत नाहीत आणि वेळ दोन मिनिटांचा. कार्डावरील मूळ फाइलची बाइटांमधली लांबी आणि संगणकावरील प्रतीची लांबी ताडून पाहा. कार्ड घाईने ओढून काढल्यामुळे अर्धवट उतरलेल्या प्रतीवर तास घालवलेले लोक मी पाहिले आहेत. यापुढचे सगळे काम प्रतीवरच करा आणि कार्डाच्या कडेची लिहिण्यास अटकाव करणारी कळ ‘लॉक’ स्थितीत सरकवून ठेवा.

मग लांबीला नोंदीच्या लांबीने भागा. बाकी उरली तर एकतर शेवटची नोंद अर्धवट आहे, सुरुवातीला हेडर, म्हणजे नोंदींआधीचा माहितीचा तुकडा, आहे किंवा नोंदीची लांबी तुम्ही समजता ती नाही. मात्र बाकी शून्य आली म्हणून निश्चिंत होऊ नका. १४ बाइटांच्या नोंदी कोणी २० बाइटांच्या समजून वाचत असेल, तर एका दिवसाच्या २,०१६ बाइटांना २० ने भागल्यावर १६ उरतात आणि चूक उघडी पडते. दहा दिवसांच्या २०,१६० बाइटांना मात्र २० ने पूर्ण भाग जातो आणि ३० दिवसांच्या ६०,४८० बाइटांनाही जातो. जूनची फाइल ‘जुळते’ आणि जुलैची जुळत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीने जुलैचे कार्ड बदलूनही पाहिले होते. जुळत एकही महिना नव्हता. ३१ दिवसांच्या महिन्यात बाकी उरत होती, इतकेच. म्हणून ही तपासणी एकाच दिवसाच्या फाइलवर करावी.

याच ठिकाणी एक सावधगिरी. पायथॉनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतले ‘फ्रॉमफाइल’ शेवटची अपुरी नोंद काही न बोलता सोडून देते, तर ‘फ्रॉमबफर’ लांबी जुळली नाही तर त्रुटी दाखवून थांबते. शोध चालू असताना मी ‘फ्रॉमबफर’च वापरतो.

दुसरी तपासणी: फाइल बायनरी म्हणूनच उघडली आहे का

पायथॉनमध्ये फाइल उघडताना ‘आर’च्या पुढे ‘बी’ लिहायचे राहून गेले, तर फाइल मजकूर म्हणून वाचली जाते. बहुधा लगेच अक्षरसंचाची त्रुटी येते. धोका त्यानंतर असतो. कोणीतरी सुचवते की अक्षरसंच ‘लॅटिन-१’ दे. ते दिल्यावर त्रुटी नाहीशी होते आणि काम झाले असे वाटते. पण मजकूर वाचताना पायथॉन १३ मूल्याचा बाइट ओळीचा शेवट मानून त्याचा १० करतो. आता २६.९ अंश तापमान पाहा. ते २६९ म्हणून साठवले जाते, म्हणजे २५६ अधिक १३. त्यातला १३ जाऊन १० आला की तक्त्यात २६.६ अंश दिसते. नोंद सरकत नाही, लांबी बदलत नाही, आकडा विश्वासार्ह दिसतो आणि तरीही तो खोटा असतो. या संपूर्ण लेखातली मला सर्वांत जास्त छळणारी चूक हीच आहे, कारण ती स्वतःहून कधीच दिसत नाही.

विंडोजवर सी भाषेत मजकूर पद्धतीने वाचताना २६ मूल्याचा बाइट फाइलचा शेवट समजला जातो. २८.२ अंश, म्हणजे २८२, यात २५६ अधिक २६ आहेत. त्यामुळे ज्या दिवशी पहिल्यांदा २८.२ अंशांची नोंद येते, तिथे वाचन संपते.

लिहिताना मजकूर पद्धत वापरली गेली असेल, तर प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसतो आणि २६.६ अंशांच्या प्रत्येक नोंदीत एक बाइट वाढतो. हे नुकसान पूर्ण भरून काढता येते, कारण प्रत्येक १० च्या आधीचा एक १३ काढला की मूळ फाइल परत मिळते. उलट एफटीपीने मजकूर पद्धतीत फाइल पाठवताना १३ गाळले गेले असतील, तर कोणता १० मूळचा एकटा होता हे कळायला मार्ग उरत नाही. तेव्हा दुरुस्तीच्या मागे न लागता मूळ कार्डावरून फाइल पुन्हा घ्यावी.

तिसरी तपासणी: पहिली नोंद डोळ्यांनी वाचा

फाइलमधले बाइट सोळाच्या पायातल्या अंकांत दाखवणारा एखादा मोफत हेक्स व्ह्यूअर पुरेसा आहे. प्रोग्राम बदलत बसण्याआधी ही पायरी गाळू नका. इथे घालवलेली पंधरा मिनिटे पुढचे दोन दिवस वाचवतात. ज्या नोंदीची खरी मूल्ये वहीत किंवा लॉगरच्या पडद्यावरून माहीत आहेत अशी नोंद घ्या. समजा केंद्र ७, वेळ ५ जून २०२४ सकाळी ११.४०, तापमान २९.५, पाऊस २.५ मिलिमीटर, बॅटरी ४.१२ व्होल्ट, स्थिती १. फाइलच्या आरंभी सोळाच्या पायातले हे बाइट दिसतील:

०७ ३८ ०१ ६० ६६ २७ ०१ ०० ०० २० ४० १८ १० ०१

पहिला ०७ हे केंद्र. पुढचे चार बाइट उलट क्रमाने वाचले तर ६६ ६० ०१ ३८, म्हणजे दशमानात १,७१,७५,६७,८००, आणि हीच ती वेळ. मग २७ ०१ म्हणजे २९५. मग ०० ०० २० ४०, हे २.५ चे अपूर्णांकातले रूप. १८ १० म्हणजे ४,१२०. शेवटी स्थितीचा ०१. एकदा बोट ठेवून असे वाचता आले की करार कागदावर उतरवता येतो आणि मग प्रोग्रामची चूक शोधणे सोपे होते.

चौथी तपासणी: मधली रिकामी जागा आणि प्रकारांची लांबी

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वाधिक याच प्रकारच्या असतात, म्हणून इथे थोडे थांबतो.

सी भाषेतले स्ट्रक्चर जसेच्या तसे कार्डावर लिहिले, तर कम्पायलर आपल्या सोयीसाठी फील्डांच्या मध्ये रिकामे बाइट सोडू शकतो. चार बाइटांचे फील्ड चारने भाग जाणाऱ्या जागेवर असेल तर प्रोसेसरला ते उचलणे सोपे जाते, म्हणून ही पॅडिंगची पद्धत आली. आर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डावरचा प्रोसेसर ८ बिटांचा असल्याने त्याला याची गरज नसते आणि आपली नोंद तिथे १४ बाइटांचीच लिहिली जाते. तोच प्रोग्राम ईएसपी-३२ या ३२ बिटांच्या बोर्डावर चढवला की केंद्र क्रमांकानंतर तीन, तापमानानंतर दोन आणि शेवटी एक असे सहा बाइट वाढतात आणि नोंद २० बाइटांची होते:

०७ ०० ०० ०० ३८ ०१ ६० ६६ २७ ०१ ०० ०० ०० ०० २० ४० १८ १० ०१ ००

रिकाम्या जागी इथे शून्ये दाखवली आहेत, पण तिथे कोणताही कचरा असू शकतो. त्यावर विसंबून काही ठरवू नका. १४ बाइटांची फाइल २० च्या मांडणीने वाचली, तर केंद्र ७ बरोबर येते आणि वेळ दुसऱ्या बाइटाऐवजी भलत्या जागेवरून उचलली जाऊन २ जानेवारी १९७०, पहाटे २.३० अशी येते. ही तारीख दिसली की मी आधी बोर्ड कोणता बदलला हे विचारतो.

प्रकारांच्या नावांवरही विश्वास टाकू नये. ऊनोवर ‘इंट’ दोन बाइटांचा आणि ‘डबल’ चार बाइटांचा असतो, तर ईएसपी-३२ वर तेच अनुक्रमे चार आणि आठ बाइटांचे होतात. ‘लाँग’ ६४ बिटांच्या लिनक्सवर आठ आणि विंडोजवर चार बाइटांचा असतो. लांबी नावातच सांगणारे प्रकार वापरले तर हा भाग मिटतो, पण पॅडिंगचा भाग त्याने मिटत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता वाचणारी बाजू. पायथॉनच्या ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूलला सुरुवातीचे चिन्ह न देता फक्त फील्डांची अक्षरे दिली, तर तो यंत्राच्या पद्धतीने मधले पॅडिंग धरतो, पण शेवटचे धरत नाही. त्यामुळे आपल्या नोंदीची लांबी तो १९ सांगतो. म्हणजे १४ नाही आणि २० ही नाही. २० बाइटांची फाइल अशा १९ च्या मापाने वाचली की पहिली नोंद अगदी बरोबर येते आणि दुसरीपासून प्रत्येक नोंद एकेक बाइटाने घसरत जाते. उपाय असा की सुरुवातीला < हे चिन्ह द्यावे, ज्यामुळे लांबी ठरावीक राहते आणि पॅडिंग पूर्ण बंद होते, आणि जिथे रिकामे बाइट खरोखर आहेत तिथे ते लहान ‘एक्स’ने स्वतः लिहून गाळावेत. नमपायमध्ये संरचित प्रकार आपोआप पॅडिंगविना, म्हणजे १४ बाइटांचा बनतो. ‘अलाइन’ चालू केल्यावर तो २० चा होतो. दोन्हींकडे वाचण्यापूर्वी लांबी छापून पाहावी आणि ती अपेक्षित आकड्याशी जुळली नाही तर प्रोग्राम तिथेच थांबेल अशी अट घालावी.

लिहिणाऱ्या बाजूला कम्पायलरला ‘पॅक्ड’ सांगून पॅडिंग बंद करता येते. काही प्रोसेसर मात्र विषम जागेवरचे चार बाइट पॉइंटरने उचलताना अडकून पडतात, म्हणून मी स्वतः प्रत्येक फील्ड एकेक बाइट करून बफरमध्ये भरतो. दहा ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण बोर्ड बदलला तरी फाइल बदलत नाही.

पाचवी तपासणी: बाइटांचा क्रम

वरच्या उदाहरणात लहान टोक, म्हणजे संख्येचा सर्वांत कमी किमतीचा बाइट, आधी आहे. तेच बाइट मोठे टोक आधी समजून वाचले, तर तापमान ९९८.५ येते आणि पाऊस शून्याइतका सूक्ष्म, दहाच्या उणे ४१ व्या घाताच्या घरातला येतो. वेळ मात्र ११ ऑक्टोबर १९९९ येते. ही तारीख अशक्य नाही, म्हणूनच फक्त तारखेवरून क्रम ठरवू नये. तापमान आणि पाऊस यांच्यासह पाहावे.

ऊनो आणि ईएसपी-३२ दोन्ही लहान टोक आधी लिहितात. मॉडबस या औद्योगिक संपर्कपद्धतीने माहिती देणाऱ्या मापनयंत्रांत प्रत्येक १६ बिटांच्या रजिस्टरचा मोठा बाइट आधी येतो, पण ३२ बिटांच्या संख्येची दोन रजिस्टरे कोणत्या क्रमाने यावीत हे उत्पादकागणिक बदलते. एका फाइलमध्ये एकच क्रम असेल असेही गृहीत धरू नका. नकाशांच्या शेपफाइलमध्ये आरंभीचा ९९९४ हा संकेतांक मोठे टोक आधी असा असतो आणि त्याच हेडरमधला १००० हा आवृत्तीक्रमांक लहान टोक आधी असा असतो. ९९९४ च्या जागी १७,०३,२८,०६४ दिसले तर क्रम उलटा वाचला आहे.

सहावी तपासणी: चिन्ह, प्रमाण आणि वेळ

उणे १.५ अंश चिन्हविरहित म्हणून वाचले की ६,५५२.१ येते. शीतगृहातल्या लॉगरमध्ये हे लगेच दिसते, शेतातल्या केंद्रात कदाचित कधीच दिसत नाही. वेळ सतत साडेपाच तासांनी पुढे येत असेल, तर लॉगर भारतीय वेळेचे सेकंद साठवतो आहे. १९,८०० सेकंदांचा फरक एकदाच आणि एकाच ठिकाणी सुधारावा.

सातवी तपासणी: मधूनच सरकलेली फाइल

ही सर्वांत कष्टाची आहे. आधी घसरण नेमकी कोणत्या बाइटापासून सुरू होते ते शोधा. त्याच तारखेला लॉगरचा प्रोग्राम बदलून एखादे फील्ड वाढवले असेल, तर एका फाइलमध्ये दोन लांबींच्या नोंदी असतात आणि ती त्या जागी दोन तुकडे करून वाचावी लागते. वीज गेल्याने अर्धवट राहिलेली नोंद असेल, तर पुढचा प्रत्येक बाइट ‘इथून नोंद सुरू होते का’ म्हणून तपासायचा: केंद्र ७ आहे का, वेळ त्या महिन्यातली आहे का, आणि पुढच्या नोंदीशी फरक ६०० सेकंदांचा आहे का. सलग तीन नोंदी या कसोटीला उतरल्याशिवाय जागा सापडली असे मी मानत नाही, कारण ०७ हा बाइट कुठेही योगायोगाने येऊ शकतो. मधली गळालेली नोंद अंदाजाने भरू नका, ती रिकामी ठेवा. शेवटी सगळे बाइट २५५ दिसत असतील, तर ती बहुधा कधीच न लिहिलेली जागा आहे. तिथे तापमान उणे ०.१ येते, ते खरे समजू नये.

कुठे थांबावे

कार्ड दर वेळी वेगळी लांबी दाखवत असेल, वाचताना अडकत असेल किंवा संगणक ते फॉरमॅट करायला सांगत असेल, तर तिथेच थांबा. फॉरमॅटला होकार देऊ नका, दुरुस्तीची साधने कार्डावर चालवू नका आणि ते डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्या. या टप्प्यावर केलेला प्रत्येक प्रयत्न उरलेली माहिती कमी करतो.

हेक्समध्ये पाहताना माहीत असलेले एकही मूल्य कोणत्याही क्रमाने सापडत नसेल आणि शेजारच्या दोन नोंदींत काहीही साम्य दिसत नसेल, तर फाइल संकुचित किंवा कूटबद्ध असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे अंदाज चालत नाही. उत्पादकाकडून रचनेचा कागद मागवावा.

हवामान आधारित फळपीक विम्याचा दावा, न्यायालयीन वाद किंवा प्रकाशित होणारे संशोधन यांसाठी आकडे वापरायचे असतील, तर सरकलेले बाइट स्वतः जुळवू नका. तुमची दुरुस्ती बरोबर असली तरी ती केल्याचा पुरावा तुमच्याकडे नसतो. मूळ फाइल जशीच्या तशी राखून तिचा चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळता येणारा आकडा, नोंदवून ठेवा आणि काम उत्पादकाच्या तंत्रज्ञाकडे लेखी द्या.

जाणकाराकडे जाताना मूळ फाइलची प्रत, तिची बाइटांतली लांबी, लॉगरचा आणि बोर्डाचा प्रकार, प्रोग्राम बदलल्याच्या तारखा आणि खरी मूल्ये माहीत असलेल्या किमान तीन नोंदी, शक्य तर दोन वेगळ्या दिवसांच्या, सोबत न्या. पाऊस शून्य नसलेली एक नोंद त्यांत असू द्या, कारण शून्य कोणत्याही क्रमाने वाचले तरी शून्यच येते आणि त्यावरून काहीच ठरत नाही.